ब्रश करताना रक्त येतं, म्हणून तिथे ब्रश फिरवायचाच नाही?

पटाशी
हिरड्यांतून रक्त यायला लागलं की घरीदारी पहिला सल्ला मिळतो तो असा : तिथे काही दिवस ब्रश लावू नकोस, बोटाने मंजन लाव, हिरडीला जरा आराम दे. माझं म्हणणं सरळ आहे. हा सल्ला उलटा आहे, आणि साध्या सुजलेल्या हिरडीचा पायोरिया होतो तो बऱ्याचदा अशाच आरामातून.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोल खाच असते. तिच्या काठाला जंतूंचा मऊ पांढरट-पिवळा थर धरतो. नखाने खरवडला तर नखात येतो तोच. तो दिवसेंदिवस तसाच राहिला की हिरडी सुजते, आतल्या केशवाहिन्या फुगतात आणि खाचेचं नाजूक अस्तर जागोजागी उसवतं. मग ब्रशचा केस नुसता लागला तरी रक्त. जखम ब्रशने केलेली नसते, आधीपासून असते. रक्त पाहून ती जागा सोडली की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही.

दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हे प्रयोगाने दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या.

तेव्हा रक्त येणाऱ्या जागी ब्रश लावायचाच, फक्त नीट लावायचा. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या. केस हिरडीच्या काठाशी ४५ अंशांत तिरके टेकवा, अर्धे हिरडीवर आणि अर्धे दातावर. एका वेळी दोन-तीन दात धरून जागच्या जागी बारीक थरथरवा आणि मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका. खालच्या पटाशीच्या दातांना आतून करताना ब्रश उभा धरा. एकूण दोन मिनिटं, दिवसातून दोनदा, त्यातलं एक रात्री झोपताना.

एवढं सांगूनही बहुतेकांचा ब्रश हिरडीच्या काठापर्यंत पोचत नाही. नेमकं अडतं कुठे, यावर जाणकारांनी लिहावं.

खडीसाखर
म्हणजे रक्त येतं तिथे दुप्पट जोर लावायचा?

पटाशी
जोर अजिबात नाही. पेन धरतात तसा ब्रश बोटांत धरला की आपोआप जोर कमी लागतो. मुठीत धरला की रंधा मारल्यासारखं होतं. महिनाभरात ब्रशचे केस बाहेर फाकले असतील तर जोर जास्त लागतोय असं समजा. नीट वापरलेला ब्रश तीन महिने टिकतो.

कट्ट्यावरचा_बंडू
आमच्याकडे एकच ब्रश तीन वर्षं टिकतो. पहिल्या वर्षी दात, दुसऱ्या वर्षी केसांचा डाय, तिसऱ्या वर्षी शिलाई मशीन.

उपदाढ
पटाशी, अडतं कुठे विचारलंत म्हणून सांगते. उजव्या हाताने घासणाऱ्यांची उजवीकडची सुळ्याची जागा राहते, कारण तिथे मनगट वळवावं लागतं. दुसरी राहणारी जागा म्हणजे वरच्या शेवटच्या दाढेची बाहेरची बाजू. लोक तिथे तोंड मोठं उघडतात आणि ब्रश शिरत नाही. तोंड अर्धवट मिटा आणि जबडा त्याच बाजूला थोडा सरकवा, गालाला जागा होते. तिसरी जागा म्हणजे खालच्या दाढांची जिभेकडची बाजू. तिथे उमासा येतो म्हणून सगळे पळ काढतात. म्हणून घासायला तिथूनच सुरुवात करा. शेवटी करायचं म्हटलं की ते राहतंच.

आणि कुठून कुठे जायचं तो क्रम रोज एकच ठेवा. क्रम नसला की समोरचे सहा दात तीनदा घासले जातात आणि दाढा तशाच राहतात.

सदाशिव_पेठी
ते सगळं ठीक. पण कीटण साफ करून घेतलं की दात हलायला लागतात, फटी पडतात, हे निम्म्या महाराष्ट्राचं मत आहे. त्याचं काय ते एकदा मिटवून टाका.

पटाशी
मिटवू या. वर सांगितलेला मऊ थर काढला नाही तर एक-दोन दिवसांतच लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात बसायला लागतात आणि तो दगडासारखा कडक होतो. तेच कीटण. ते सर्वांत जास्त साचतं खालच्या पटाशीच्या दातांना आतून आणि वरच्या पहिल्या दाढेला गालाच्या बाजूने. या दोन्ही ठिकाणी लाळग्रंथींच्या नळ्या उघडतात, म्हणून. एकदा कडक झालं की ब्रशने, मिठाने, लिंबाने, कशानेही निघत नाही.

आता दात हलण्याचं. कीटण हिरडीखाली उतरतं तसं दाताभोवतीचं हाड झिजतं आणि हिरडीही मागे सरते. फट तेव्हाच पडलेली असते, फक्त कीटणाने बुजलेली असते. दातही सैल झालेला असतो, पण खालचे चार-सहा दात कीटणाच्या एका सलग पट्टीने एकमेकांना बांधलेले असतात. ती पट्टी काढली की फट दिसते आणि दात हलतो. साफ करण्याने दात सैल झाला नाही, तो सैल झालेला आहे हे उघड झालं. वेळीच काढलं असतं तर हाड वाचलं असतं, कारण गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

कीटण काढायच्या मशीनचं टोक सेकंदाला २५,००० च्या घरात कंप पावतं आणि पाण्याच्या फवाऱ्यासोबत कीटण फोडतं. ते दात कोरत नाही. नंतर काही दिवस थंड लागलं की शिवशिवतं, कारण कीटणाखाली झाकलेलं मूळ उघडं पडतं. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन वेळा वापरली तर दोन ते चार आठवड्यांत फरक पडतो. एक-दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून ती बंद करू नये.

अक्कलदाढ
यात एक भर. नुसतं वरवर साफ करून घेतलं आणि घरी आलं, असं करू नका. दंतवैद्याला खाचेची खोली मोजायला सांगा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. तीनपर्यंत ठीक. चार किंवा जास्त आणि सोबत रक्त, तर हिरडीखालून मुळं साफ करावी लागतात. त्याला एकाहून जास्त भेटी लागतात आणि भूल द्यावी लागू शकते. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. पहिले आकडे लिहून घेतले नसतील तर सुधारणा झाली की नाही हे कळणार कसं?

वैद्यबुवा
ब्रश-पेस्टच्या आधीही लोकांना दात होते, एवढं नोंदवून ठेवतो. सुश्रुताने दातवण सांगितलंय ते बारा अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, सरळ आणि बिनगाठीचं. त्याचं टोक चावून मऊ कुंचला करायचा आणि हिरड्यांना न दुखवता एकेक दात घासायचा. आता लोक निंबाची काडी न चावता तशीच आडवी खसाखसा घासतात आणि हिरडी सोलवटली की आयुर्वेदाच्या नावाने ओरडतात.

दुसरं तेलाच्या गुळण्यांचं. गंडूष म्हणजे तोंड इतकं भरायचं की आतलं हलवता येणार नाही. कवल म्हणजे हलवता येईल एवढंच. हल्ली इंटरनेटवर जे करतात ते कवल. तिळाचं तेल एक चमचा पुरतं. ते गिळायचं नाही, आणि बेसिनमध्येही थुंकायचं नाही, पाइप तुंबतो.

पटाशी
वैद्यबुवा, मऊ कुंचल्याबद्दल पूर्ण सहमत. तेलाने थर थोडा सैल होतो, तोंडाला बरं वाटतं, इथपर्यंत ठीक. पण दोन दातांच्या मधला थर दातवणाने निघत नाही आणि तेलानेही नाही. शिवाय पेस्टमधलं किडीपासून वाचवणारं फ्लोराइड मिळत नाही ते वेगळंच. तेल करायचं असेल त्यांनी ब्रशच्या जोडीला करावं, ब्रशऐवजी नको.

वैद्यबुवा
ऐवजी कोण म्हणालं? आणि राखुंडी, विटेचा भुगा, कोळसा, मीठ बोटावर घेऊन घासणं यातलं काहीही मी सांगितलेलं नाही. खरखरीत पूड हिरडीलगत रोज घासली तर दाताच्या मानेवर खाच पडते. ते बिल माझ्या नावावर फाडू नका.

कट्ट्यावरचा_बंडू
कोळसा आता शंभर रुपयांच्या काळ्या ट्यूबमध्ये मिळतो बुवा. आजीने फुकट दिला तेव्हा किंमत नव्हती.

विदर्भकन्या
फ्लोराइडचा विषय निघालाच आहे तर विचारते. यवतमाळ, चंद्रपूर, तिकडे नांदेड, बीड या भागांत पाण्यातल्या फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी झालेले, हाडं वाकडी झालेली माणसं आहेत. तिथल्या लोकांना फ्लोराइडची पेस्ट कुठल्या तोंडाने सांगायची?

उपदाढ
प्रश्न रास्त आहे, हिशोब मांडून बघू. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. समजा एखाद्या बोअरच्या पाण्यात ३ आहे आणि मूल दिवसाला लिटरभर पितं. ३ मिलिग्रॅम पोटात गेलं, रोज. पेस्टमध्ये आपल्याकडे कमाल १००० पीपीएम चालतं, म्हणजे ग्रॅमला १ मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅम धरा. सगळी गिळली तरी पाव मिलिग्रॅम, आणि मूल त्यातली बरीचशी थुंकतं.

दातावर डाग पडतात ते दात हिरडीत घडत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत. मोठ्या माणसाला पेस्टने डाग पडत नाहीत. अशा गावात खरं काम पाण्याचं आहे. आणि एक गैरसमज : पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. आरओ किंवा फ्लोराइड शोषणारा फिल्टर लागतो. पाणी तपासल्याशिवाय अंदाजाने काही करू नये.

पेस्टचं प्रमाण असं : पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. ब्रशवर पेस्ट मोठ्यांनीच घालायची. डागाळलेल्या दातांच्या गावात लहान मुलाला कोणती पेस्ट द्यायची ते तिथल्या दंतवैद्याला विचारून ठरवा. मोठ्यांनाही वाटाण्याएवढी पुरते; जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती पेस्ट खपवायला.

संपादक_मंडळ
पेस्टच्या ब्रँडची नावं टाकू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

अक्कलदाढ
नाव नको, खोका वाचा. फ्लोराइड असेल तर ते खोक्यावर पीपीएममध्ये लिहिलेलं असतं. वनौषधीवाल्या पुष्कळ पेस्टमध्ये ते नसतं. आणि पेस्ट लावून झाल्यावर थुंका, पण खळखळून चुळा भरू नका. दातावर राहिलेलं फ्लोराइड रात्रभर काम करतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे कीड लागायची खरी वेळ ती.

सदाशिव_पेठी
चूळ न भरता झोपायचं? तोंडात फेस घेऊन? हे काही पटत नाही.

अक्कलदाढ
फेस दोन-तीनदा थुंकून टाका. अगदीच सहन होत नसेल तर एका घोटाएवढं पाणी तोंडात फिरवा आणि थुंका. तांब्याभर पाण्याने चुळा भरू नका, एवढंच. आठवड्यात सवय होते.

सोलकढी
मी किडीबद्दल लिहिते, कारण इथे सगळे हिरडीतच अडकलेत. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो उतरला की आम्ल वाढतं) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातले क्षार विरघळायला लागतात. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की काही मिनिटांत तिथे पोचतं आणि लाळेने पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व. जेवणानंतर दोन गुलाबजाम खाल्ले तर एकदाच घसरण. तेच सकाळपासून अर्ध्या कप चहाच्या सहा फेऱ्या, प्रत्येकीबरोबर बिस्किट, म्हणजे दिवसभर दात आम्लात.

लिंबू सरबत, कोकम सरबत, चिंचेचा कोळ, थंड पेयं हे तर थेट आम्ल. तोंडात घोळवत बसू नका. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने. लगेच घासलं तर मऊ पडलेलं कवच घासून निघतं. आणि हो, सोलकढीही आंबटच, नाव घेतलंय म्हणून सूट नाही.

छकुलीची_आई
दुधाचे दात पडणारच असतात, मग किडले तर एवढं काय, असं सासूबाई म्हणतात. त्यांना काय सांगू?

सोलकढी
त्यांना सांगा, दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत राहतात. किडून लवकर काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. मग तारा.

याहून मोठी गफलत होते ती सहाव्या वर्षी. त्या वयात दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, काहीही न पडता, एक नवी दाढ येते. आईवडिलांना वाटतं ही पण दुधाचीच. ती कायमची असते आणि आयुष्यभर चावायचं मुख्य काम तीच करते. खोल खाचा, अर्धवट वर आलेली, ब्रश पोचत नाही, त्यामुळे कायमच्या दातांत सर्वांत आधी बहुधा हीच किडते. सहा-सात वर्षांच्या मुलाचं तोंड उघडून प्रत्येक बाजूला मागून मोजा. ती पूर्ण वर आली की खाचा बुजवणारं सीलंट लावून घ्या. भूल नाही, कोरणं नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे आणखी एक येते, तिलाही तेच.

तान्ह्या बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. वरचे पुढचे चार दात त्यानेच किडतात. आणि सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच मुलाच्या मागे उभं राहून करावा.

कृष्णाकाठ
मिश्रीवर कोणीच बोललं नाही. आमच्या भागात अजून पुष्कळ बायका तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून, वाटून डबीत ठेवतात. दाढ दुखते म्हणून सुरू होतं आणि मग मिश्री लावल्याशिवाय संडासला होत नाही इथपर्यंत जातं.

पटाशी
बरं झालं काढलंत. दात घासायचं साधन म्हणून ती ओळखली जाते ही खरी अडचण. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्याला कोण विचारणार. त्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, म्हणून तलफ येते. जिथे रोज बोट फिरतं तिथली हिरडी उतरते, मूळ उघडं पडतं, गालाच्या आत पांढरा चट्टा येऊ शकतो. गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं.

या धाग्याशी थेट संबंध असा की तंबाखू रक्त लपवतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे स्पष्ट दिसतं. आत हाड झिजत असतं, पण हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त वाढल्यासारखं दिसतं आणि माणूस म्हणतो, सोडली म्हणून बिघडलं. उलट आहे, हिरडी पुन्हा नीट वागायला लागली. हे आधी सांगितलं नाही तर लोक परत ओढायला लागतात.

उपदाढ
सोडताना निकोटिनचा च्युइंगगम घेणार असाल तर तो साध्या गमसारखा चघळायचा नसतो. २ मिलिग्रॅमचा घ्या, झिणझिणेपर्यंत चावा, मग गाल आणि हिरडी यांच्यात दाबून ठेवा, झिणझिण गेली की परत चावा. असा अर्धा तास. सतत चघळला की उचकी आणि मळमळ. त्याआधी पंधरा मिनिटं चहा किंवा आंबट काही नको, निकोटिन शोषलं जात नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदत फोनवर मिळते, १८००-११-२३५६.

अक्कलदाढ
तंबाखूबरोबर सुपारीही घ्या यादीत. "मी फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही" म्हणणाऱ्यांनी विशेष वाचावं. १९५२ मध्ये केनियातल्या भारतीय वंशाच्या बायकांमध्ये एक विकार नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. सुपारीने गालाच्या आत तंतू साचतात, गाल कडक होतो, तिखट सहन होत नाही, मग तोंड उघडणं कमी होत जातं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. मावा आणि गुटखा यांत तर दोन्ही.

घरी करायची तपासणी : स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. तीन गेली तर ठीक, दोनच गेली तर लगेच दाखवा. सुपारी थांबवली तर वाढ थांबू शकते, पण झालेलं सहसा परत फिरत नाही.

कट्ट्यावरचा_बंडू
तीन गेली. आता बोटं बाहेर काढून टाइप करतोय.

खडीसाखर
तोंड आलं की काय करता? जिभेच्या कडेला सारखं येतं.

उपदाढ
साधं तोंड येणं म्हणजे गोल, मध्ये पिवळसर आणि कडेला लाल चट्टा, चावताना झोंबणारा. सात ते चौदा दिवसांत आपला आपण बरा होतो. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, तिखट टाळा. सारखं येत असेल तर हिमोग्लोबिन, लोह, बी१२ आणि फोलेट तपासा. नुसत्या "बी कॉम्प्लेक्स"च्या पट्ट्यांवर पट्ट्या खाऊ नका. काही जणांना पेस्टमधलं फेस करणारं रसायन, सोडियम लॉरिल सल्फेट, झोंबतं. ते नसलेली पेस्ट महिनाभर वापरून बघा.

पण तुम्ही जिभेची कड म्हणता आहात. एकाच जागी सारखं होत असेल तर समोरच्या दाढेची टोकदार कड लागते का ते बघून घ्या. आणि कुठलाही चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, कडक लागला, किंवा दुखतच नाही असा असेल तर घरगुती उपाय बंद आणि दंतवैद्य गाठा. न दुखणाराच जास्त वाईट.

नव्याने_आलेला
दाढ दुखली तर लवंगेचं तेल चालतं ना?

अक्कलदाढ
कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, पिळून, किडीच्या खड्ड्यातच. हिरडीवर सांडलं तर भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी धरून ठेवणारेही आहेत, त्याने गाल पांढरा पडून सोलला जातो. गोळी गिळायची असते. आणि गरम लागल्यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त ठणकत राहिलं किंवा रात्री झोपेतून जाग आली, तर नस गेली असं समजा. तिथे सिमेंट भरून भागत नाही, रूट कॅनल किंवा दात काढणं.

सदाशिव_पेठी
मूळ मुद्द्यावर या. रक्त येणाऱ्या हिरडीला माउथवॉश पुरेल ना? डॉक्टर लिहून देतात तो गुलाबी.

पटाशी
तो क्लोरहेक्सिडिन, ०.२ टक्के. १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, दोन आठवड्यांवर नाही. जास्त वापरला तर दात तपकिरी होतात, चव बदलते, चहा पिणाऱ्यांचे डाग आणखी गडद. पेस्टनंतर लगेच घेतला तर पेस्टमधलं फेसाचं रसायन त्याला निकामी करतं, म्हणून मध्ये अर्धा तास सोडा. आणि तो कीटणाखाली शिरत नाही. साफ न करता नुसता माउथवॉश म्हणजे पैसे थुंकणं.

विदर्भकन्या
मग ब्रश नीट केला, कीटण काढलं, तरी दोन दातांच्या मधून रक्त येतंच. तिथे काय?

उपदाढ
तिथे ब्रश पोचतच नाही, त्यामुळे सूज तिथूनच सुरू होते. दात चिकटून असतील तर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीतून फिरवायचा बारीक दोरा. साधारण ४५ सेंटिमीटर तोडा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवा. करवतीसारखा हलवत आत घाला, दाबून खटकन नको, हिरडी चिरते. मग एका दाताला अर्धगोल वेढा देऊन हिरडीखाली किंचित उतरवा, वर-खाली तीन-चारदा. त्याच फटीत दुसऱ्या दाताला तसंच. बहुतेक जण एकच बाजू करतात.

फटी मोकळ्या असतील तर फ्लॉसपेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा तो छोटा इंटरडेंटल ब्रश बरा. फटीत थोडासा अडखळत पण जोर न लावता जाईल असा सर्वांत मोठा आकार घ्या. पुढे बहुधा ०.४-०.५ मिलिमीटर, मागे ०.६ ते ०.८, एकाच तोंडाला दोन आकार लागतात. तार दाताला घासली जात असेल तर आकार मोठा झालाय. पेस्ट लागत नाही. सेफ्टी पिन आणि काडीपेटीची काडी मात्र नको.

रोज केलं तर पहिले चार-पाच दिवस रक्त जास्तच दिसेल, आठ-दहा दिवसांत कमी होईल.

सोलकढी
आणि एकाच फटीत रोज अन्न अडकत असेल तर ती नुसती सफाईची अडचण नाही. भरलेल्या सिमेंटची कड बाहेर आलेली असते, कॅप सैल बसलेली असते किंवा दोन दातांत किंचित जागा पडलेली असते. ते दुरुस्त करून घ्यावं लागतं.

पटाशी
हे सगळं दोन आठवडे नीट करूनही रक्त थांबलं नाही तर इतर कारणं बघा. मधुमेह पहिला. साखर जास्त असली की हिरड्या लवकर खराब होतात, आणि हिरडीतला संसर्ग साखर चढवतो. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपासने उतरतं. गरोदरपणात सूज वाढते, त्या काळात कीटण काढणं सुरक्षित आहे. मधले तीन महिने सोयीचे. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त जास्त वेळ येतं, पण त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरी. आणि हिरडीला काही न लागता आपोआप रक्त येत असेल, अंगावर निळे डाग असतील किंवा ताप असेल, तर दंतवैद्याआधी त्याच दिवशी रक्ततपासणी. प्लेटलेट्स बघायच्या.

कृष्णाकाठ
मिश्री सोडलेल्यांना यातला कुठला ब्रश सांगू? त्यांची मुळं उघडी आहेत.

उपदाढ
अतिमऊ केसांचा. फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा न चुकता, कारण उघडं मूळ कवचापेक्षा लवकर किडतं. फटी मोठ्या असतील तर इंटरडेंटल ब्रश ०.८ च्या वरही लागेल. तंबाखूचे काळे डाग घरी घासून काढायला जाऊ नका, साफ करतानाच निघतील.

खडीसाखर
घरात चार नवेकोरे कडक केसांचे ब्रश पडलेत, एकावर एक फुकट मिळालेले. त्यांचं काय करू?

कट्ट्यावरचा_बंडू
बाथरूमच्या टाइल्सच्या फटी. तिथे मात्र बिनधास्त जोर लावा.